माझा ‘ङ’ जरा वर उडतो

हळू बोललो तर चालेल ना? सवयच लागलीय तशी. मी एक टाइपरायटर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द खडखडत उमटवले, स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. भीती वाटायची हो, दुसरं काय! आता फीत वाळली, ओळ संपल्याची घंटा वाजेनाशी झाली, तरी जिन्यात बुटांचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. हसू नका. यंत्रालाही पोट असतं. लोखंडी असलं म्हणून काय झालं?

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यातला. अंगावर रशियन अक्षरं चढवली, खोक्यात भुसा भरला आणि अकरा दिवस रेल्वेने हादरत मी फ्रुन्झेला उतरलो. आता त्या शहराला बिश्केक म्हणतात, पण माझ्या तोंडी जुनंच नाव बसलंय. कालव्यांचे आराखडे काढणारी एक सरकारी कचेरी माझी वाट पाहत होती. तिथे किर्गीझमध्येही पत्रं जायची, आणि माझ्याकडे किर्गीझची तीन अक्षरं नव्हती. म्हणून आधी मला बाजारामागच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझी तीन कमी लागणारी अक्षरं उपटली आणि कथील वितळवून तिथे तीन नवी चिकटवली.

दोन नीट बसली. तिसरा ङ. तोच तो, नाकातून बोलायचा. त्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याच्या फळीवर आम्ही दोन यंत्रं शेजारी शेजारी होतो. एक मी, आणि दुसरं लोकरीच्या गालिच्यांच्या कारखान्याचं. माणसाला जेवायची घाई होती की काय, देव जाणे, आम्हा दोघांचाही ङ ओळीच्या केसभर वर बसला. सगळी अक्षरं शिस्तीत रांगेत उभी आणि हा एकटा उडी मारून मागे कोण आलंय ते बघतोय, असा. दुरुस्तीवाला म्हणाला, “एवढं कोण बघतंय?” मला तेव्हाही ते वाक्य आवडलं नव्हतं.

कचेरीत माझ्यावर तीन बायका बसून गेल्या. मग बुरुल आली. बावीस वर्षांची, डोंगरातल्या गावची, बोटं कायम गार. कामाला बसली की आधी बोटांवर फुंकर घालायची, मग माझ्या कुशीवर दोनदा टकटक करायची, जणू घोड्याला थोपटतेय. शनिवारी टाचणीने माझी अक्षरं कोरून साफ करायची. ङच्या पोटातली शाई काढताना म्हणायची, “तू काय बाबा, डोंगरातला दिसतोस. उंचावर राहायची सवय!” मला फार बरं वाटायचं. दोषाचं कौतुक करणारं माणूस रोज कुठे भेटतं?

आमच्या कचेरीत एक लोखंडी दाराची खोली होती आणि तिचा अधिकारी होता ओमोर सादिकोविच. पन्नाशीचा, कोटाच्या खिशात कायम लाखेची कांडी. मे महिन्याचा सण आणि नोव्हेंबरचा सण, दोन्हींच्या आधी कचेरीतले बाराही टाइपरायटर त्याच्या खोलीत जमा करायचे, दाराला लाख लावून शिक्का मारायचा आणि सण संपल्यावर परत वाटायचे. सुट्टीत आम्ही मोकाट राहिलो तर काय काय छापू, याची सरकारला धास्ती. त्याच वेळी प्रत्येक यंत्राचा नमुना घ्यायचा: सगळी अक्षरं, सगळे आकडे, खाली यंत्राचा क्रमांक, टायपिस्टची सही. हे नमुने वरच्या कचेरीत जायचे. माणसाचे बोटांचे ठसे घेतात ना, तसे आमचे. टायपिस्टने कोऱ्या कागदावर आधी सही करून द्यायची आणि बाहेर जायचं. ओमोर म्हणायचा, “नियम आहे. दार लावून घ्या.”

आत मी खोळीखाली थरथरत पडलेला असायचो. आता उचलेल, आता कागद घालेल! बाहेर ओमोर एका बोटाने टक, टक, टक करत बसायचा. त्याच्या टेबलावरच्या छोट्या यंत्राचा आवाज मला ओळखू यायचा. माझी पाळी यायच्या आत त्याची जेवायची वेळ व्हायची. सुटलो, असं वाटायचं. पुढच्या सणाला मात्र नक्की. बुरुलला काय माहीत? तिला वाटायचं, माझा नमुना केव्हाच वर जाऊन बसलाय.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते त्या नमुन्यांवाचून कळायचं नाही.

एक्याऐंशीच्या शरद ऋतूत बुरुलकडे मार्लेन नावाचा एक पोरगा यायला लागला. सार्वजनिक हमामात, म्हणजे न्हाणीघरात, भट्टीला कोळसा घालायचं काम करायचा. केस खांद्यापर्यंत, नखात काजळी, आणि जीव सगळा गिटारीत. हमामाच्या तळघरात भट्टीशेजारी त्याची टोळी वाजवायची. फोनच्या डब्यातले रिसीव्हर चोरून त्यातले चुंबक गिटारीला बसवलेले, आणि विशेष म्हणजे गाणी किर्गीझमध्ये. तोवर असलं दणदणीत संगीत फक्त परक्या भाषेतच होतं, असं सगळ्यांना वाटायचं. मार्लेन बुरुलहून दोन वर्षांनी लहान, म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. विशेषतः काही मागायचं असलं की.

“एजे, आपण मासिक काढू या.”

“आपण म्हणजे कोण?”

“मी लिहीन, तू टाइप कर.”

“आणि पकडले गेलो तर?”

“मी म्हणेन, मला टाइप करता येत नाही. खरंच येत नाही!”

“वा रे शहाण्या,” बुरुल म्हणाली. पण ती हसली, आणि मी ओळखलं, आता हे होणार.

मासिकाचं नाव ठरलं ‘जाङिरिक’. म्हणजे प्रतिध्वनी. ऐकलंत ना? नावातच ङ! दर अंकाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या दिमाखात माझा उडका ङ. दुसरं नाव नव्हतं का मिळत? पण मला कोण विचारतंय.

दुपारी सगळे खालच्या उपाहारगृहात शेवया खायला गेले की बुरुल दारामागे खुर्ची सारायची. मार्लेनने जाळीच्या पिशवीत, नानच्या खाली दडवून आणलेली पानं बाहेर काढायची. पाच पातळ कागद, मध्ये चार कार्बन, आणि सुरू. पहिली प्रत ठसठशीत. पाचवी इतकी फिकट, की खिडकीपाशी नेऊन वाचावी लागायची. कोणत्या गॅरेजात कोण वाजवतं, कोणाचा ढोल कशाचा, कोणत्या गाण्यात आमच्या कोमूझ वाद्याच्या तीन तारा विजेवर कशा चढवल्या, कोणाकडे कोणती टेप आहे, सगळं त्यात. मार्लेन लिहायचाही झकास. एका गवयाबद्दल त्याने लिहिलं होतं, “हा बकऱ्यांना हाका मारतो तसाच गातो, म्हणून बकऱ्याही ऐकतात आणि आम्हीही.” बुरुल ते टाइप करताना इतकी हसली, की एका ओळीत तीन चुका झाल्या.

आणि गंमत ऐका. जेवायच्या सुट्टीतही हिच्या खोलीतून खडखडाट येतो हे ऐकून संचालकसाहेब खूश झाले. उत्तम कामगारांच्या फलकावर बुरुलचा फोटो लागला! ती त्या फलकाखालून जाताना मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, मुलगी विनयशील आहे.

अंकाच्या शेवटी मार्लेनने एक नियम घातला होता: ‘वाचलंत? आता पाच प्रती करा आणि पुढे द्या.’ दोन वर्षांत तो नियम डोंगर ओलांडून गेला. ओशहून आमचाच तिसरा अंक आमच्याकडे परत आला, दुसऱ्याच यंत्रावर टाइप केलेला, आणि मध्येच तिथल्या लोकांनी स्वतःची चार पानं घुसडलेली. नारिनहून आला, आल्मा-आत्याहून आला. मार्लेन खोलीत नाचला. “एजे, हाक मारली आणि डोंगराने ओ दिली!” त्या दिवशी मलाही, खोटं कशाला सांगू, थोडा गर्व झाला. अक्षरं दुसऱ्यांची होती, पण पहिला ठोका माझा होता.

पण बुरुल झोपेनाशी झाली. सकाळी मला म्हणायची, “काल परत स्वप्न पडलं. तुझा ङ माझ्या मागे मागे येत होता.” तिने मला मार्लेनच्या ओळखीच्या एकाकडे नेऊन ङ सरळ करून घ्यायचं ठरवलं, पण यंत्र दुरुस्त केलं तर त्याचीही नोंद होते, आणि मग विचारणार, आत्ताच का? मग ती ङ येईल ते शब्द टाळायला लागली. ‘नवा’ म्हणायचं तर आमच्या भाषेत ङ येतो. नवं गाणं, नवा गवई, नवी पहाट. ‘नवा’ शब्द न वापरता नव्या संगीताचं मासिक कसं काढणार? दोन पानं तशी केली आणि मार्लेन भडकला. “हे काय लिहिलंस? ‘अजून जुनं न झालेलं गाणं’!” मग पुन्हा ङ सुरू.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये नववा अंक निघाला. सणाला आठ दिवस होते. सकाळचे अकरा वाजले असतील, आणि वरच्या कचेरीतून दोन माणसं आली.

एक उंच, एक ठेंगणा. दोघांच्या हातात टोप्या. ओमोर सादिकोविच त्यांच्या मागून चालत होता, रंग उडालेला. ठेंगण्याने बगलेतून काढून जे टेबलावर ठेवलं ते पाहून माझ्या सगळ्या दांड्या एकमेकींत अडकल्या. नववा अंक. पहिली प्रत. ठसठशीत.

“तुमच्याकडे किर्गीझ अक्षरांची यंत्रं किती?” उंचाने विचारलं.

“दोन. एक हे, एक माझं,” ओमोर म्हणाला.

“ङ उडणारं त्यात कोणतं?”

“छे हो! आमची यंत्रं सरळ. हे बघा ना नमुने, दर सणाचे आहेत. सह्यांनिशी.”

ओमोरने फाइल उघडली. तो माणूस एकेक पान उलटत होता. आणि माझ्या रुळात, अहो, माझ्या रुळात अर्धं टाइप केलेलं पत्र होतं! नव्या कालव्याबद्दल. पहिल्याच ओळीत ‘नवा’. ङ हातभर वर उडालेला, निदान मला तरी तसं वाटलं. बुरुल मांडीवर हात ठेवून बसली होती. तिची बोटं बर्फ झाली असणार.

ठेंगणा माझ्याकडे आला. त्याने हातातली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, जणू मी खुंटी! मग चष्म्यासाठी खिसे चाचपू लागला.

बुरुलने कागदाचं टोक धरलं आणि सर्रकन ओढून काढलं. टोपी खाली पडली.

“माफ करा, साहेब. पत्र चुकलं होतं.” आणि तिने ते चुरगाळून मुठीत धरलं.

ठेंगण्याने टोपी उचलून झटकली. “काय रे ओमोर सादिकोविच, पोरींना किती घाबरवून ठेवलंयस! एका चुकीला कागद चुरगाळतात.” दोघंही हसले. ओमोरही हसला, पण जरा उशिरा. फाइल मिटली आणि ते निघून गेले. बुटांचा आवाज जिन्यात विरला.

मग ओमोर स्वतः चहाचे दोन वाडगे घेऊन आला. दार लावलं. बुरुलसमोर बसला.

“पोरी, तुझ्या यंत्राचा ङ कधीपासून उडतो?”

बुरुलने मुठीतला चुरगाळलेला कागद आणखी आवळला.

“मी रोज तुझी पत्रं वाचतो गं. मला दिसत नाही असं वाटतं तुला?”

“मग त्या नमुन्यात...”

“त्या नमुन्यात तुझं यंत्र नाहीच.” ओमोरने वाडगा खाली ठेवला. “बारा जड धूडं उचलायची, कागद घालायचा, काढायचा! माझी पाठ जाते. आठ वर्षं मी बाराही नमुने माझ्याच यंत्रावर काढतोय. वर फक्त क्रमांक वेगळे. कोणी बघत नाही, असं वाटलं होतं.”

 तीन वर्षं ज्या कागदाने तिची झोप उडवली तो कागद नव्हताच!

“आता ऐक,” ओमोर म्हणाला. “तू बोललीस तर तू जाशील आणि मीही जाईन. मी बोललो तरी तेच. माझ्या घरी पाच तोंडं आहेत. तेव्हा चहा पी.”

ती चहा प्याली. खरं सांगू? मला आनंद झाला. वाचलो! आठ दिवस मी आनंदात होतो. त्या आठ दिवसांची मला अजून लाज वाटते.

सणानंतर मला लाखेच्या दारामागून परत आणलं त्या दिवशी ओमोरच बातमी घेऊन आला. दारातच उभा राहून म्हणाला, “सापडली म्हणे.”

“कोण?”

“गालिच्यांच्या कारखान्यातली टायपिस्ट. गालिमा नाव. तिच्या यंत्राचा ङ उडतो. नमुनाही आहे, खरा नमुना. त्यांचा अधिकारी कामसू निघाला.”

दुरुस्तीवाल्याच्या फळीवर माझ्या शेजारी बसलेलं ते यंत्र! आम्ही एकाच कथलाचे.

“पण तिने नाही केलेलं!” बुरुल ओरडली.

“हळू! मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आता पुढे बोल.”

बुरुल उठली. दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. मी मनात म्हणत होतो, जा. आणि त्याच वेळी म्हणत होतो, जाऊ नकोस गं, जाऊ नकोस. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग परत आली, भर दुपारी माझ्यावर खोळ घातली आणि तिच्या नाड्यांना गाठीवर गाठी मारल्या.

गालिमाला चार महिने आत ठेवलं. तिने ते मासिक कधी पाहिलंही नव्हतं. तिला म्हणे लग्नातली गाणी आवडायची. काहीच सिद्ध झालं नाही म्हणून सोडलं, पण टाइपरायटरला पुन्हा हात लावायचा नाही, असं झालं. नवऱ्याने तिला माहेरी पाठवलं. पुढे ती हमामात फरशी पुसायच्या कामाला लागली. कोणत्या हमामात? जिथे खाली मार्लेन कोळसा घालायचा त्याच. बुरुल आठवड्याच्या आंघोळीला गेली आणि समोर बादली घेऊन गालिमा. पाटी होती छातीवर नावाची. बुरुलने पुढच्या आठवड्यापासून हमाम बदलला.

मार्लेन दहाव्या अंकाची पानं घेऊन आला, नानच्या खाली.

“नाही,” बुरुल म्हणाली.

“एजे, घाबरलीस?”

“हो. घाबरले.” आणि तिने त्याला गालिमाचं सगळं सांगितलं.

“अरेरे,” मार्लेन म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला, चांगलं मिनिटभर. मग म्हणाला, “उरलेले कार्बन मी नेऊ का?”

चार वर्षं ‘जाङिरिक’ निघालं नाही. मी कालवे टाइप केले. ङ उडत राहिला. मंत्रालयात, बँकेत, कुठे कुठे ती पत्रं गेली. एकानेही वर मान करून पाहिलं नाही.

मग वारं फिरलं. अठ्ठ्याऐंशीत मार्लेन पुन्हा आला, उघड, नान न घेता. आता सगळ्याला परवानगी होती. छापखाना मिळाला, सभागृह मिळालं. ‘जाङिरिक’ हजारोंनी छापलं जाऊ लागलं आणि दुकान उघडायच्या आधी रांग लागू लागली. छापखान्याला द्यायची प्रत तेवढी बुरुल माझ्यावर करायची. तिला वाटलं असेल, आता तरी श्वास घेता येईल. पण ती खटका मारायची आणि दाराकडे बघायची.

एक दिवस मार्लेनने मोठा लेख आणला. ‘भीतीला न जुमानता: आमची पहिली वर्षं.’ बुरुलने टाइप करायला घेतला. भट्टी, चोरलेले रिसीव्हर, नानखालची पानं, दोन माणसं, पडलेली टोपी. सगळं होतं. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

“मार्लेन, यात गालिमा कुठेय?”

“कोण गालिमा?”



“कोण गालिमा?” बुरुल उभी राहिली. “तू खाली भट्टीपाशी शूरवीर होऊन गात होतास ना, तेव्हा तुझ्या डोक्यावरची फरशी ती पुसत होती! माझ्या जागी! आणि तू विचारतोस कोण?”

“अगं, विसरलो. त्यात एवढं... मग घाल ना तिचं नाव. शेवटी आभारात घाल.”

“आभारात!” बुरुलने कागद काढला, चुरगाळला नाही, नीट घडी केला आणि त्याच्या हातात दिला. “घे. आणि चालता हो.”

तो गेला. लेख दुसऱ्या कोणीतरी टाइप केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यानंतर ‘जाङिरिक’ गुळगुळीत कागदावर आलं. मग च्युइंगगमच्या जाहिराती आल्या, मग राशिभविष्य. ‘पाच प्रती करा’ ही ओळ कधी गळाली कोणाच्या लक्षातही आलं नाही; आता कुठलीही टेप बाजारात मिळत होती, डोंगराने ओ कशाला द्यायची? टोळीतले दोघं परदेशी गेले. मार्लेन तुर्कस्तानातून जाकिटं आणून विकू लागला. शेवटचा अंक मी कसा पाहिला सांगू? बुरुलने बाजारातून सूर्यफुलाच्या बिया आणल्या, त्याच्या पुडीवर. बिया संपल्यावर तिने पुडी उलगडली, ‘जाङिरिक’ हे नाव बघितलं. छापखान्यातला ङ अगदी सरळ होता.

तोवर मी तिच्या घरी आलो होतो. कचेरीत संगणक आले, मला मोडीत काढलं, आणि तिने मला उचलून पाच मजले चढवले. स्वयंपाकघरात पेटीवर ठेवलं, वर कशिद्याचं कापड घातलं. पंचवीस वर्षं. ती निवृत्त झाली, केस पांढरे झाले. मला वाटलं, आता असंच गंजत संपायचं. भीतीसुद्धा कंटाळून गेली असेल असं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात तिने कापड काढलं. कुठूनशी फीत मिळवली होती. बोटांवर फुंकर घातली. कुशीवर दोनदा टकटक. 

“चालशील ना रे?” ती म्हणाली. “हाताने लिहिलं तर कोणीही लिहिल्यासारखं होईल. तुझाच ङ हवा.”

सहा ओळींचं पत्र होतं, त्याला चार दिवस लागले. ‘गालिमा एजे, ते अंक मी टाइप केले. तुम्हाला नेलं तेव्हा मला माहीत होतं. मी कडीला हात लावून परत फिरले. यंत्र अजून माझ्या घरी आहे.’ खाली सही आणि पत्ता. पत्र हमामातल्या तिकीटवालीच्या हाती पाठवलं.

तीन आठवडे काही नाही. मग परवा, सकाळी, जिन्यात पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी ओळखलं. हीच ती पावलं, ज्यांना मी पस्तीस वर्षं घाबरत होतो. ती बुटांची नव्हतीच.

दारात एक बुटकी म्हातारी, पांढरा रुमाल बांधलेली, हात कोपरापर्यंत लाल. आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. ती रिकाम्या हाताने आली होती.

“कुठंय?” एवढंच म्हणाली.

बुरुलने बोट दाखवलं.  गालिमा माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता खिडकीतून खाली टाकणार, आणि टाकलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

तिने बोटं माझ्यावर ठेवली. चौतीस वर्षांत टाइपरायटरला हात न लावलेली, पाण्याने फुगलेली बोटं, पण जागेवर बरोबर बसली. “कागद,” ती म्हणाली. बुरुलने कागद घातला.

गालिमाने पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. सगळी अक्षरं, ओळीने. मग सगळे आकडे. ङशी आल्यावर तिने तो एकदा मारला, वाकून पाहिलं, आणि पुन्हा मारला. मग खाली माझा क्रमांक. माझ्या पाठीवरून पुसत पुसत वाचून काढला तिने.

मी हादरलो. नमुना! माझा नमुना! आठ वर्षं जो कोणी घेतला नाही तो, आज.

“तारीख घाल,” गालिमा बुरुलला म्हणाली. “सही कर. नियम आहे.”

बुरुलने सही केली. तिचे डोळे वाहत होते, कागदावर पडू नये म्हणून तिने मान बाजूला धरली होती. “एजे, तुम्ही हे कुठे देणार? द्यायला हवं तर द्या. मी येते तुमच्याबरोबर, जिथे म्हणाल तिथे.”

“देणार कुठे? ती कचेरीच राहिली नाही.” गालिमाने कागदाची घडी घातली. “मला त्यांनी चार महिने एकच विचारलं, दुसरं यंत्र कुठंय दाखव. मी म्हणायचे, असेल कुठेतरी, माझं नाही ते. मग मीच मनात म्हणायला लागले, दुसरं यंत्र नसेलच. मीच केलं असेल झोपेत. वेड लागायची पाळी आली होती गं मला.” तिने कागद छातीशी खोचला. “आहे. दुसरं यंत्र आहे.”

ती उठली. बुरुलने घाईघाईने नान पुढे केला. तुकडा तोडल्याशिवाय पाहुण्याने उंबरा ओलांडायचा नसतो. गालिमा त्या नानकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने नखाएवढा तुकडा तोडला. तोंडात नाही घातला. रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि सावकाश जिना उतरून गेली.

तो तुकडा ती खाणार की नाही, हे आम्हाला माहीत नाही. बुरुल दार उघडं टाकून बसलीय, मी कापडाविना उघडा बसलोय, आणि जिन्यात काही वाजलं की दोघंही दचकतो. भीती गेली नाही हो. पण आता तिच्यात थोडी वाट पाहणंही मिसळलंय.

एक विनंती आहे. बुरुलच्या मागे मी कोणाच्या हाती पडलो, कोणी हौशी माणूस मला दुरुस्त करायला निघाला, तर फीत बदला, घंटा बदला, अंगावरचा गंज काढा. माझा ङ मात्र सरळ करू नका. गालिमाच्या छातीशी जो कागद आहे, तो माझा आहे हे कोणाला तरी ओळखू यायला हवं.